मध्यंतरानंतरचा भाग

माहितीपट दाखवायला काय काय लागतं, ते मी आता झोपेतही सांगेन. प्रोजेक्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, स्पीकरची वायर, खिडक्यांवर टाकायला जाड चादरी, चहाचा थर्मास, आणि पंख्याने पडदा उडू नये म्हणून त्याच्या खालच्या काठाला बांधायला माझ्या स्वयंपाकघरातला बत्ता. हे सगळं आणायचं, लावायचं, उतरवायचं, पुसून ठेवायचं. बत्ता आठवणीने परत न्यायचा, नाहीतर रविवारी आलं कुटायची पंचाईत.

हा उद्योग मी सुरू केलेला नाही. वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक राहायचे, त्यांना सगळे सर म्हणत. महिन्यातल्या एका शनिवारी ते सोसायटीच्या हॉलमध्ये अध्यात्मावरचे आणि प्राचीन रहस्यांवरचे माहितीपट दाखवत. पुढे ते मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेले आणि जाताना प्रोजेक्टर माझ्याकडे देऊन गेले. "तुम्ही व्यवस्थित आहात," म्हणाले. व्यवस्थित माणसाच्या दारात लोक काय काय ठेवून जातात. मला समुद्रात बुडालेल्या नगरांचं फारसं काही वाटत नाही. पण बंद करायचं ठरवलं तर ते सगळ्यांना समजावून सांगावं लागेल, त्यापेक्षा खुर्च्या मांडणं सोपं.

आमच्याकडे हे देवळात गेल्यासारखं बघतात. चपला हॉलबाहेर. पडद्यावर मूर्ती आली की पुढच्या रांगेतले हात जोडतात. आणि दिवेलागणीला मध्यंतर, ही सरांनी घातलेली पद्धत. चहा होतो आणि बायका घरी देवापुढे दिवा लावायला जातात. मी एकदा मध्यंतर काढून बघितलं, तर वेळ झाल्यावर सगळ्या चालत्या फिल्ममधून उठून गेल्या. घरी गेलेलं माणूस परत येतंच असं नाही. भाजी फोडणीला टाकायची असते, कोणाचातरी फोन येतो. त्यामुळे उत्तरार्धाला हॉल अर्धा रिकामा असतो.

तळमजल्यावरच्या काकू तर कधीच परत यायच्या नाहीत. त्यांना काचबिंदू आहे. रोज रात्री डोळ्यांत थेंब घालायचे असतात. माझं ऑफिस नौपाड्यात, औषधाचं दुकान तिथेच, त्यामुळे ती बाटली माझ्या आणायच्या सामानात कायमची. काका गेले तेव्हापासून तर काकूंची बँक, गॅस, सगळंच त्यात आलं. एका शुक्रवारी मी बाटली द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "ही राहू दे. मागची तशीच आहे."

"तशीच म्हणजे?"

"आता मी तांब्यातल्या पाण्याने धुते डोळे. पहाटे. तुझ्याच पिक्चरमध्ये दाखवलं की गं."

दाखवलं होतं खरं. एका गावात देवळाशेजारी विहीर, तिचं पाणी रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवून म्हातारी माणसं डोळे धुतात आणि गावात कोणालाही चष्मा नाही. निवेदक खर्जात विचारतो, ह्या पाण्यात आहे तरी काय? तिथेच मी चहासाठी फिल्म थांबवली होती.

"काकू, मध्यंतरानंतर त्यांनी डॉक्टर नेले होते तिथे. निम्म्या म्हाताऱ्यांना मोतीबिंदू निघाला. चष्मा नव्हता, कारण जवळपास चष्म्याचं दुकान नव्हतं."

"असं तू म्हणतेस."

"मी कशाला म्हणू? फिल्ममध्ये आहे."

"मग आधी का नाही सांगितलं त्यांनी? बरं असेल तर आधी सांगावं, वाईट असेल तरी आधी सांगावं. चहा पाजून कसलं सांगता?"

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे मला डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. ते त्यांनी ऐकलं होतं आणि विहिरीचंही ऐकलं होतं.

मी डोंबिवलीला फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, "वहिनी, लोकांना कोडं आवडतं हो. उत्तराचा भाग जरा कंटाळवाणाच असतो. मी स्वतः त्यात डुलकी काढायचो."

"काकूंची नजर जाईल, सर."

"मग दाखवा त्यांना. तुम्ही व्यवस्थित आहात."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला लॅपटॉप घेऊन खाली गेले. काकूंनी दिवा लावला, माझ्या हातावर साखर ठेवली, आणि आम्ही डायनिंग टेबलावर तो उत्तरार्ध पाहिला. काकू स्क्रीनच्या फार जवळ बसल्या होत्या. डॉक्टर म्हाताऱ्यांचे डोळे तपासत होते. कोणी हात जोडावेत असं त्यात काही नव्हतं.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "त्या लाल पागोट्यावाल्याला दिसत नव्हतं गं बिचाऱ्याला. नुसता हसत होता."

"हो."

"कॅमेऱ्यासमोर सगळेच हसतात."

मी बाटली काढली. "घाला आता. माझ्यासमोर घाला."

त्यांनी मान मागे केली, बाटली उचलली. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानाशी. तिसऱ्याला त्यांनी बाटली खाली ठेवली.

"आमचे हे घालायचे," त्या म्हणाल्या. "मी नुसती आ करून वर बघायचे. ते म्हणायचे, तोंड कशाला उघडतेस, थेंब डोळ्यात घालायचाय. तांब्यातल्या पाण्याला नेम लागत नाही, ओंजळ भरून मारलं की झालं."

मी बाटली घेतली. एकेक थेंब दोन्ही डोळ्यांत गेला. त्यांनी खरंच तोंड उघडलं होतं.

डॉक्टरांना विचारून वेळ संध्याकाळची करून घेतली. आता ऑफिसातून आल्यावर, पर्स खांद्यावर असतानाच मी आधी तळमजल्याची बेल वाजवते. काही दिवशी पाय इतके दुखतात की बेल वाजवून भिंतीला टेकून उभी राहते. काकू दार उघडतात आणि म्हणतात, "आलीस? मला वाटलं आज नाही येत." रोज तेच म्हणतात.

शनिवारी हॉलमध्ये चहा सुरू झाला की मीही घरी जाणाऱ्या बायकांबरोबर बाहेर पडते. थेंब घातल्यावर काकूंना थोडा वेळ डोळे मिटून बसायचं असतं. मागच्या शनिवारी फिल्म एका देवळाची होती. त्याच्या कळसाची सावली म्हणे जमिनीवर पडत नाही.

"पडते का गं?" काकूंनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

म्हणजे उत्तरार्ध आता मला आधीच बघून ठेवावा लागतो. हा आदल्या दिवशी भाजी निवडताना बघितला होता.

"पडते," मी म्हटलं. "दुपारी ती देवळाच्याच अंगावर पडते, म्हणून खाली दिसत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मी वर हॉलमध्ये दुसरा भाग लावायला गेले.