गाडीचा जायचा दिवस

सिंगापुरात मी गाडी घेतली तेव्हा तिची तीनच वर्षं उरली होती. तिथे गाडी बोटीने बाहेरून येते. तिच्यावर जकात, नोंदणीचा कर, आणि ती रस्त्यावर आणायला सरकारचा दहा वर्षांचा परवाना. तो लिलावात घ्यावा लागतो आणि कधी कधी गाडीपेक्षाही महाग पडतो. मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे, नाहीतर धडधाकट गाडी मोडीत काढायची. नवी मला झेपणारी नव्हती, म्हणून सात वर्षं वापरलेली घेतली.

बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करत. एक रेघ हलली तर मूर्तीची नजर बिघडते, म्हणून ते काम सगळ्यात शेवटी, आणि मोठ्या मूर्तींचं फक्त त्यांच्याकडे. त्या कामावर मी शिकलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आधी रोह्याच्या कारखान्यात लागलो, तिथून सिंगापूरला गेलो. बाबांना शेजारी बसवून समुद्राकाठी फिरवायचं, एवढ्यासाठी गाडी घेतली. निदान स्वतःला तसं सांगितलं.

व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा ते म्हणाले, पितांबराच्या काठाला आपण देतो तोच हा लाल. परवान्याचं ऐकून हसले.

"मग हा आपला गणपतीच झाला की रे. आणतानाच जायचा दिवस ठरलेला."

मीही हसलो. पण विमा, पार्किंग, रस्त्याचा कर यांत पगार जाऊ लागला. गावी जाणं लांबलं, त्यांना बोलावणंही. दर फोनला ते विचारत, अजून किती हाय तिची? मी उरलेले महिने सांगत असे. मला वाटायचं, त्यांना गाडीत बसायची घाई आहे.

यंदा जूनमध्ये गाडीसमोर उभा राहून बोलत होतो. बाबांनी फोन नाकाला टेकेल इतका जवळ धरला होता. थोडा वेळ ते बघत राहिले.

"रंग कंचा घेतलास?"

आईने फोन काढून घेतला आणि बाहेर ओटीवर आली. तिने सांगितलं, बाबांचा मधुमेह वाढून साखर डोळ्यांत उतरली होती. मुंबईला नेऊन डोळ्यांत इंजेक्शनं द्या, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. बाबा यंदा आखणीला बसले नव्हते. मला काही कळवायचं नाही, अशी त्यांनी आईला शपथ घातली होती.

"म्हणाले, त्याच्या गाडीची मुदत संपू दे. मग सांगू."

त्याच आठवड्यात मी गाडी मोडीत दिली आणि परवाना सरकारला परत केला. उरलेल्या महिन्यांचे पैसे मिळाले, ते घेऊन निघालो. बाबांना मुंबईच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं.

पेणच्या रामवाडी स्टँडवर एसटीतून उतरलो. आई बाबांचा हात धरून उभी होती. मी बॅग खाली ठेवून त्यांच्या पुढ्यात उभा राहिलो. माझ्या खांद्यावरून ते हायवेकडे बघत होते.

"आला काय गो?" त्यांनी आईला विचारलं.