करमाडला विझलेला तारा

पुण्याहून एसटी सुटली तेव्हाच दादाचं नि माझं भांडण जुंपलं होतं. त्या संध्याकाळी एक लघुग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. जिथं त्याची सावली पडेल तिथून तारा काही क्षण विझलेला दिसणार. माझ्या नव्या तारकासूचीप्रमाणे सावली करमाडवरून जात होती, दादाच्या जुन्या सूचीप्रमाणे बिडकीनवरून. आणि दुर्बीण एकच! सूच्यांमधल्या ताऱ्यांच्या जागा ताडून बघण्यात दादाचा नोकरीचा सगळा काळ गेला, पण असं पिधान (ताऱ्याचं झाकलं जाणं) त्यानं स्वतः कधी पाहिलं नव्हतं. दोनदा ढगांनी दगा दिला होता. ऐंशी उलटलेल्या या थोरल्या भावाला पुन्हा संधी कधी मिळायची?

एसटीतून उतरलो तर क्रांती चौकात दादाचे जुने स्नेही रफीकभाई जीप घेऊन उभे होते. त्यांनी आधी नान-खलिया (मटणाचा झणझणीत रस्सा) खायला बसवलं. दादा नानच्या तुकड्यांनी टेबलावर सावलीची वाट मांडत होता.

मी म्हटलं, "ताऱ्याची स्वतःची गती धरलीस ना? तुझी सूची तीसेक वर्षांपूर्वीची. तेवढ्यात तारा सरकला असेल की."

"इतकी बारीक गती काय धरायची!"

"दादा! जन्मभर दुसऱ्यांच्या याच चुका काढल्यास ना रे?"

त्यानं हातातला घास खाली ठेवला. मग कागद ओढून त्यानं आकडेमोड केली आणि खो-खो हसला. "आली गं सावली करमाडवर! सूची बरोबर आहे, मीच गाढव."

"भाईसाब, पहले खाना खाओ, ठंडा हो रा," रफीकभाई म्हणाले.

करमाडला रफीकभाईंच्या ओळखीच्या शांताबाईंच्या शेतात दुर्बीण लावली. पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून बाईंनी अंगणातला मोठा दिवा लावला! तो बंद करा म्हणताना मला कसंसंच झालं. त्या मात्र हसल्या.

"एक तारा इझलेला बघाया पुण्याहून आलात व्हय? आमच्याकडं रोज समदी लाईट जाती, ती बघाया कोण येत नाय!"

अंधार दाटला. दादा दुर्बिणीला डोळा लावून बसला.

"विझला!" तो ओरडला. मग लगेच, "आला! आला परत!" त्यानं रफीकभाईंना मिठी मारली. शांताबाईंनी चहाबरोबर सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

परतीच्या गाडीत नव्या-जुन्या सूचीचा वाद पुन्हा सुरू होणार, असं मी धरून चालले होते. दादा मात्र खिडकीला डोकं टेकून आभाळाकडे बघत होता. म्हणाला, "अगं, आयुष्यभर ताऱ्यांच्या जागा कागदावरच तपासल्या. खरंच तिथंच होता गं तो!"