ज्वारीच्या पोत्यांमागे

ती पावडर पाण्यात टाकली की फसफसायची आणि तिला खोट्या लिंबाचा वास यायचा. आमच्या भांडी घासायच्या साबणालाही तसाच वास आहे. ग्लास तोंडाशी नेला की मला उमळून यायचं.

पावडर नणंदेनं आणली होती. ती बीडला राहते आणि घरोघरी असल्या वस्तू विकते. माहेरी आली तेव्हा मी अंगण झाडत होते. मला शिंक आली आणि मी पाय आवळून जागीच उभी राहिले. तिनं ते बरोबर हेरलं. लगेच पिशवीतून डबा काढला आणि ओसरीवर, शेजारच्या दोघींसमोर, मला विचारायला लागली. पोट कधी साफ होतं, खडा होतो का, खोकलं की साडी ओली होते का. मी पदर पुढं ओढून केरसुणीकडं बघत राहिले.

"लाजता कावून वैनी? मॅग्नेशियम हाय ह्याच्यात. पुढचं आवरतं आन मागचं सुटतं."

"आन उलटं झालं मंजी?" त्यातली एक शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या. माझ्या अंगाची गोष्ट अशी चहाबरोबर वाटली गेली, याची किळस मला त्या पावडरीपेक्षा जास्त आली.

माझं असं का झालं ते मला माहीत होतं. आमच्याकडं बायका रस्त्याच्या कडेला बसतात, पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर. गाडीचा उजेड आला की उठून पाठ फिरवून उभं राहायचं. गाडी गेली की पुन्हा बसायचं. कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक येतात, मग धड काहीच होत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. शेवटी उजेड नसला तरी मधेच बंद व्हायला लागलं. दिवसा जावं लागू नये म्हणून मी पाणीच पीत नसे. पोट दगडासारखं आणि लघवी मात्र दारापर्यंतही दम धरत नसे.

घरी संडास नव्हता असं नाही. परसात सरकारी पैशातून बांधलेला होता, पांढऱ्या फरशीचा. बांधला त्या वर्षी ज्वारी चांगली झाली, म्हणून भांड्यावर फळ्या टाकून त्यात पोती रचली, ती कायमचीच. कुणी कधी तिथं बसलं नव्हतं, त्यामुळं ती जागा चोख होती. सासूबाई चप्पल बाहेर काढून आत जात. आमच्या भाकरीची ज्वारी तिथूनच यायची. पोती हलवा असं मी एकदा मालकांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "मग ठिवू कुठं, तुह्या डोक्यावर?"

पावडरीनं आधी काहीच झालं नाही. नणंद फोनवर म्हणाली, वाढवा. मी वाढवली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोटात पीळ पडला. रानं मोकळी झाली होती, कुठं आडोसा नव्हता. पुलावर माणसं पत्ते खेळत बसली होती. मी परसात पळाले, संडासाची कडी काढली, पुढची मोकळी फळी सरकवली आणि पोत्याला धरून बसले.

आत उंदराच्या लेंड्या, पोत्यांचा उबट वास आणि त्यात माझी घाण. पाण्याची बादली नाही. पण कुणी आलं नाही, उजेड आला नाही, मला उठावं लागलं नाही. लग्नानंतर प्रथमच मी पुरतं होईपर्यंत बसले. आनंद वगैरे झाला नाही. स्वतःचीच शिसारी आली.

मी पाण्याला बाहेर आले तर सासूबाई सूप घेऊन दारात. त्यांनी चप्पल काढली होती. वास आला तशी त्यांनी ती परत पायात घातली आणि मालकांना हाक मारली.

मालक आत डोकावून बाहेर थुंकले. "खायाच्या धान्यात बसलीस?"

मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. पदराआडून म्हणाले, "संडासात बसले."

ते काही बोलणार तोच सासूबाई म्हणाल्या, "आता तिथं दाना ठिवायचा न्हाई. काढ ती पोती." माझी दया त्यांना आली नव्हती, घाण वाटली होती. पण मी इतकी वर्षं मागून जे झालं नाही, ते त्यांच्या किळसेनं घडलं. पोती पुढच्या खोलीत आली. ती ज्वारी खायला त्या तयार होईनात, म्हणून मालकांनी दिंद्रुडच्या बाजारात नेऊन विकली. कुणाच्या तरी ताटात ती गेली असेल, हे आठवलं की माझा घास अडकतो.

उरलेली पावडर मी संडासाच्या त्याच भांड्यात ओतली. आता पाणी पोटभर पिते आणि पोट बरंचसं सुधारलंय. पण संध्याकाळी तिथं बसलेली असताना ट्रॅक्टर वळला की दाराच्या फटीतून उजेड आत येतो आणि कडी लावलेली असूनही मी अजून अर्धी उठते.