मनूच्या लाल गाडीला मी काय काय घातलं

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. मागे एकदा शेजारच्या वहिनींना हे सांगत होते तर त्यांना असा ठसका लागला की पाठ चोळता चोळता माझा हात दुखला.

तर, आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो अर्धाच. म्हणजे दिसायला अख्खा, पण मालकी अर्धी. अर्धे पैसे ह्यांचे, अर्धे मुरबाडच्या मोठ्या दिरांचे. सासऱ्यांच्या काळी दोन घरांत मिळून एक बैलजोडी असायची. भाताच्या आवणीला आधी एकाचं शेत, मग दुसऱ्याचं. तोच कायदा त्यांच्या ह्या दोघा पोरांनी कॉम्प्युटरला लावला. दिवाळीपर्यंत शहापूर, मग मुरबाड. बैल निदान स्वतःच्या पायांनी जायचे!

दिवाळी जवळ आली तशी मी दिवस मोजायला लागले. मनू तेव्हा दुसरीत. कॉम्प्युटर गेला की पोर मागे पडणार, जग पुढे निघून जाणार, आणि पुढे कधीतरी ती विचारणार, आई, तू का नाही अडवलंस? आता तुमच्यापासून काय लपवू? त्या कॉम्प्युटरवर अभ्यास म्हणून मनूने एकदाच स्वतःचं नाव टाइप केलं होतं, तेही मी बोट धरून. बाकी सगळा वेळ गाड्यांच्या शर्यतीचा गेम. पण 'माऊसवर हात बसतोय ना' असं मी सगळ्यांना सांगायचे. सगळ्यांत आधी स्वतःला.

फोनवर जाऊबाईंना मी गोड आवाजात म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत इथेच राहू दे का? त्या काही कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत.

"तुझी दुसरीत, माझा बंटी पाचवीत. गरज कोनाला जास्त गो?"

पुढे दोन्हीकडून आवाज चढायला लागले. भांडण नको म्हणून दोघा भावांनी तोडगा काढला. पाडव्याला सगळे जमतोच आहोत, तेव्हा बंटी आणि मनू त्या गेममध्ये शर्यत लावतील. जिंकेल त्याच्या घरी कॉम्प्युटर उन्हाळ्यापर्यंत. सुशिक्षित माणसांचा निवाडा हा असा!

मला मात्र मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कारण मनू हरायचीच नाही. कसाऱ्याच्या घाटासारखा एक वळणावळणाचा रस्ता होता त्या गेममध्ये, त्यावर ती आपली छोटी लाल गाडी शेळीसारखी सुळसुळ न्यायची. प्रत्येक विजयाला गेममधली नाणी मिळत. ती खर्चून गाडीला नवे पार्ट घेता येत. पण मनूने कधी एक नाणं मोडलं नव्हतं.

इथेच मी जागी झाले. झोपून राहिले असते तर बरं झालं असतं.

लक्ष्मीपूजनाची दुपार. मनू अंगणात किल्ल्याला माती लावत बसलेली. मी आपला सहज गेम उघडला. पडद्यावर सगळ्या गाड्या ओळीने उभ्या. काय त्यांचा रंग, काय तो थाट! आणि माझ्या पोरीची गाडी? लग्नघरात घरच्या कपड्यांत आल्यासारखी. माझ्याच्याने बघवेना.

शेजारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चष्म्यातून पाहिलं.

"गो, बाकीच्यांना मागं पंखा हाय. आपल्या पोरीलाच नाय?"

बस्स. मी तो पंखा, म्हणजे डिकीवरची आडवी पट्टी, लावला. मग सगळ्यांत मोठं इंजिन. मग रुंद टायर. मग वेग एकदम वाढवायची नायट्रोची टाकी. सासूबाई म्हणाल्या, खालून निळ्या लायटी लाव, सणाची बरी दिसल. लावल्या. डिकीत एक गाण्यांचा मोठा डबा मिळत होता, तोही घेतला. शर्यतीत गाणी कशाला, असं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण बाकीच्यांकडे होता ना!

मग म्हटलं, चालवून बघू. गाडी सुटली ती थेट डोंगरात. दुसऱ्यांदा दरीत. तिसऱ्यांदा जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरली आणि आल्या वाटेने परत निघाली.

आता कोणीही शहाणी बाई काय म्हणाली असती? मी म्हटलं, गाडी उत्तम आहे, मीच नालायक आहे. सापगावच्या उतारावर मला साधी सायकल सांभाळता आली नव्हती, ही तर मोटार. माझा स्वतःवर इतका अविश्वास की गाडीवर संशय घ्यायला जागाच उरली नाही.

पण त्या धडकांनी वेगळीच धास्ती बसली. माझी पोर अशी आपटली तर? म्हणून पुढे जाडजूड बंपर घातला, आत चारी बाजूंनी लोखंडी पिंजरा बसवला. नाणी संपली तेव्हाच मी थांबले. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि लाइट गेली. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी भरलेली दिसते." आमच्या घरात याहून मोठं कौतुक नाही.

पाडव्याला फराळ झाला आणि सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. बंटीने आपल्या नावाने नवा गेम सुरू केला होता, त्याला मिळाली कोरी गाडी, कंपनीतून निघाल्यासारखी. मनूने आपली उघडली आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"आई, ही कोणाची?"

"तुझीच गं. सरप्राइज."

पडदा दोघांत अर्धा अर्धा वाटला, मनूला माऊस, बंटीला कीबोर्ड. शर्यत सुटली. सरळ रस्त्यावर मनूची गाडी बाणासारखी पुढे. हे टाळ्या वाजवायला लागले. मी जाऊबाईंकडे एक नजर टाकली, कशी ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या चकली मोडत होत्या.

मग पहिलं वळण आलं.

गाडी वळलीच नाही. डोंगराला जाऊन भिडली, पिंजरा-बंपर शाबूत. मनूने मागे घेतली, जोर दिला, तर चाकं जागेवरच गरगरली आणि नुसता धूर. ती धुरात असताना बंटी आपली कोरी गाडी घेऊन शेजारून गेला, बैलगाडीच्या चालीने. प्रत्येक वळणावर हेच. निळ्या लायटी मात्र शेवटपर्यंत छान दिसत होत्या.

मनू रडली असती तर मी समजूत काढली असती. ती रडली नाही. माऊस बाजूला ठेवून म्हणाली,

"घाटात पळायचं नसतं गं आई, वळायचं असतं. माझी वळायची."

जीप आली. कॉम्प्युटर माझ्याच नव्या चादरीत गुंडाळून मुरबाडला गेला. मनू रिकाम्या टेबलावर किल्ल्यातले मावळे मांडत बसली. ह्यांनी मला एवढंच विचारलं, डिकीत गाणी कोणती होती?

शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी जाऊबाईंचा फोन आला. आवाज पडलेला. बंटी आता एकही शर्यत जिंकत नाही, दिवसभर चिडचिड करतो.

"मी काय नाय केलं गो," त्या म्हणाल्या. "जिंकलेल्या नाण्यांतून जरा मोठं इंजिन घातलं, नि मागं पंखा. पोराला काय कमी नको म्हनून."

तुम्हाला सांगते, असा आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. मी खुर्ची ओढून बसले आणि तज्ज्ञाच्या सुरात सुरुवात केली.

"ताई, तिथेच चुकतं बघा आपलं. सगळं काढा. निघत नसेल तर नवा गेम सुरू करा. कोरी गाडी द्या आणि हात लावू नका. जेवढं ओझं कमी, तेवढी ती सुटसुटीत वळते. आपण आयांनी जरा लांब उभं राहायला शिकलं पाहिजे."

समोर मनू शाळेला निघालेली. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, गळ्यात पाण्याची बाटली, पाठीवर दप्तर, एका हातात डबा, दुसऱ्या हातात शाळेनंतरच्या हस्ताक्षराच्या क्लासची पिशवी. दारातून बाहेर पडताना ती चौकटीला धडकली, मागे सरली, पुन्हा धडकली.

"आई," ती म्हणाली, "तू आत्ता काकूला काय सांगतेयस, ते तुला ऐकू येतंय ना?"

"येतंय गं," मी म्हटलं. मग रिसीव्हर मानेत धरला आणि तिच्या गळ्याला मफलर गुंडाळला.