मुका डबा

माझ्या पायाला पहिल्यापासून भिंगरी. कारखाना बरा चालायला लागला तेव्हा लोकांनी गाड्या घेतल्या, मी विमान चालवायचं लायसन्स काढलं. रविवारी सकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावरून फ्लाइंग क्लबचं छोटं विमान घेऊन तासभर वर गेलो, की आठवडाभर माणसांत राहता यायचं.

ती दुष्काळाची वर्षं. खाली मुकुंदवाडीत टँकरभोवती हंडे, आणि वर पाऊस पाडायला आणलेली विमानं ढग शोधत फिरायची. आकाशातही गर्दी झाली म्हणून मी एक डबा आणला. आसपास विमान आलं की तो हेडफोनमध्ये बाईच्या आवाजात बोलणार: ट्रॅफिक, तीन वाजता. म्हणजे घड्याळात तीनचा आकडा असतो तसं, उजव्या हाताला. पण माझा डबा बोलेचना. टॉवरवरच्या माणसाचा जाड आवाज खणखणीत यायचा, डब्यातली बाई मात्र मुकी. विकणाऱ्याला मी फोनवर असा फैलावर घेतला, की त्याने मुकाट्याने डबा बदलून दिला. दुसराही तसलाच निघाला.

त्या रविवारी माझा भागीदार सोबत होता. वाळूजला आम्ही दोघं पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर कामाला लागलो, तो कानात कापसाचे बोळे घालून, मी तसाच; पुढे तिथेच स्वतःचं शेड टाकलं. तो अजून बजाजनगरातच राहतो. त्याला एसटीतही मळमळतं, पण धरण किती आटलंय ते बघायचं होतं. पाण्यावाचून आमची एक पाळी बंद पडायला आली होती.

जायकवाडीचं पाणी पार मध्यावर गेलेलं, बाकी सगळा भेगाळलेला गाळ. मी डावीकडे वाकून बघत होतो. तेवढ्यात माझा उजवा खांदा दाबला गेला.

प्रेसच्या दणदणाटात हाका मारून उपयोग नसतो. ज्या बाजूने काही येतंय त्या बाजूचा खांदा दाबायचा, ही आमची शेडमधली रीत. विचार करायच्या आत मान उजवीकडे वळली. दुसरं विमान, आमच्याच उंचीवर, खिडक्या दिसतील इतकं जवळ. मी आमचं खाली घातलं आणि ते डोक्यावरून गेलं.

"तुला दिसलं कसं?" मी विमान सरळ करत विचारलं.

"दिसलं कुठं? ती बाई कवापासून बोंबलतीय कानात. तीन म्हंजे उजवीकडं, तूच तर सांगितलं व्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला ऐकूच आलं नाय, व्हय?"

उतरल्यावर त्याने वातावरण हलकं करायला म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. चांगला डबा बदलून आणला गड्या!" मी हसलो, पण आतून संताप संताप झाला होता. प्रेसनेच मला विमान दिलं आणि प्रेसनेच बारीक आवाजाचे कान काढून घेतले. भांडणार कुणाशी?

आठवडाभर मला एका जागी बसवेना. रविवारी क्लबवर गेलो, विमानाची चावी घेऊन बाहेर आलो, तर फाटकाशी हा उभा. एका हातात लिंबू, खिशातून डोकावणारी प्लास्टिकची पिशवी.

"चल," म्हणाला. "तू चालव, मी ऐकतो. खांदा दाबीन ना." तोंड आताच पांढरंफटक पडलं होतं.

मला उडायचं होतं. फार उडायचं होतं. मी त्याच्या हातातलं लिंबू घेतलं, कँटीनमध्ये दिलं आणि दोन सरबतं सांगितली. चावी परत क्लबच्या टेबलावर ठेवून आलो. आम्ही बाकावर बसून सरबत प्यायलो.

उजवीकडून एक विमान आलं. सवयीने त्याने माझा खांदा दाबला. मी मान वळवली नाही; वळवली असती, तर चावी परत आणायला उठलो असतो.