मी जप्त केलेली टोपी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझा गाढवपणाच समोर उभा राहतो. फिर्यादीची स्वतःची टोपी मी पुरावा म्हणून जप्त केली होती!

सिडनीच्या पोलीस खात्यात मी तेव्हा सार्जंट होते. क्वेकर्स हिलमध्ये एक वयस्कर कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थ एकटे राहत. रविवारी चर्चहून परतले तर घराच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं, 'विकला गेलास'. व्हरांड्यात अमेरिकेतल्या उजव्या पक्षाची टोपी टांगलेली होती. गोऱ्या टवाळांनी खिजवायला टांगली, असं मी ठरवूनच टाकलं. हातमोजे चढवले, ऐटीत टोपी पिशवीत भरली, वर लेबल लावलं.

"ऑफिसर, ती माझी आहे."

"घाबरू नका. कोणी घालायला लावली?"

"कोणी नाही. मी त्यांनाच मत देतो." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "हे लवकर पुसता येईल का? मुलगी आली तर तिला दिसायला नको."

पन्नाशीची बाई मी, रंगावरून टोमणे खाल्लेली, आणि रंग बघून माणसाचं मत ठरवून मोकळी! नातीला सांगितलं तर म्हणते, "आजी, सो एम्बॅरसिंग!"

खबर दिली समोरच्या वसईच्या बाईंनी. "मॅडम, ते चर्चला गेलेले ना, तेव्हा एक बाई आलेली. नर्सचे कपडे होते. चेहरा नाय दिसला."

आता या भागात नर्सना काय तोटा! मी पंचनाम्याचे फोटो पुन्हा बाहेर काढून बघितले. भिंतभर रंग उडाला होता, पण भिंतीलगतच्या गुलाबावर एक थेंब नव्हता. कोणीतरी आधी झुडूप झाकलं होतं. द्वेषाने आलेला परका माणूस एवढी काळजी घेत नाही.

"गुलाब कोणी लावलाय?" मी त्यांना विचारलं.

"बायकोने. ती गेली. मुलगी पाणी घालायला यायची." मग म्हणाले, "हल्ली येत नाही."

मुलगी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स होती. तिला स्टेशनवर बोलावलं, जबाब रेकॉर्ड होईल, वकील घेता येईल, सगळं रीतसर सांगितलं आणि गुलाबाचा फोटो पुढे सरकवला. तिने तो बघितला आणि भिंत आपणच रंगवल्याचं कबूल केलं.

"आमचीच माणसं त्याला गद्दार म्हणतात," ती म्हणाली. "वॉर्डातल्या गोऱ्या मैत्रिणी म्हणतात, बिचाऱ्याला कळत नाही. आणि त्याचे ते पक्षवाले! इथल्या शाखेच्या सभेत पहिल्या रांगेत बसवतात, फोटोपुरतं. मला माझा बाप परत हवा होता."

बापाने फिर्याद मागे घेतली. आम्ही तिला ताकीद देऊन सोडलं. ते बाहेर बाकावर तिची वाट बघत बसले होते. ती आली, "शिफ्टला उशीर होतोय," एवढं जमिनीकडे बघून म्हणाली आणि निघून गेली.

संशयितावर आधीच शिक्का मारू नये, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. फिर्यादीवरही मारू नये, हे मी या केसमध्ये शिकले, तेही उशिरा. गुन्हा उघडकीला आणला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्या घराला मात्र माझा काडीचा उपयोग झाला नाही.

मी त्यांना गाडीतून घरी सोडलं. उतरताना ते जे बोलले, ते शब्दशः असं: "ऑफिसर, मी असं मत का देतो, हे तिने विचारलं नाही, पक्षाने विचारलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. विचारलं असतं तर चहा केला असता."