काचेवर ऊदाचं बोट

रियाधमध्ये माझी नोकरी आभाळाकडे बघण्याची होती. असं सांगितलं की गावची मंडळी समजायची, हा तिकडे काहीच करत नाही. खरं तर बघायचं मी नाही, छतावरच्या यंत्राने. हातभर लांबीची नळी, तोंड सरळ वर, तोंडावर रुपयाएवढी काच. त्यातून ते आभाळाची उष्णता मोजायचं. हवेत वाफ जास्त असली की आभाळ त्याला उबदार दिसतं. हवा कोरडी असली की तेच निरभ्र आभाळ बर्फापेक्षा कितीतरी थंड दिसतं. त्या उष्णतेवरून डोक्यावरच्या हवेत पाणी किती, ते काढायचं.

मग सौदीकरण आलं आणि माझी जागा सौदी माणसाला द्यायचं ठरलं. मुदीरने, म्हणजे आमच्या साहेबाने, मला बोलावलं. "नव्या माणसाला शिकव. मुख्य कचेरीतून तपासनीस येईल. त्याच्यासमोर याने एकट्याने यंत्र चालवलं, तर तुझी जुबैलला बदली."

"आणि नाही चालवलं तर?"

"तर तू शिकवलंस काय? इकामा, राहण्याचा परवाना, संपला की खलास."

माझा इकामा मुलीच्या दहावीच्या परीक्षेआधी संपत होता. तो गेला की बायकोचा आणि मुलीचाही गेला. घरी मी ही बातमी नाटकातल्यासारखा दाराच्या पडद्यामागून प्रवेश करून सांगितली, तर मुलगी म्हणाली, "पप्पा, प्लीज, नो ड्रामा." बायको हसली नाही.

नवा माणूस बुरैदा गावचा, खजुराच्या बागा असलेल्या घरातला. वय तिशीचं, डोकं तल्लख, अंगाला सदा ऊदाच्या अत्तराचा घमघमाट. फक्त यंत्राची त्याला किंमत नव्हती. "थर्मामीटरच ना," म्हणायचा. मी गावच्या नाटकांत राजाची कामं केलेला माणूस. एका सकाळी छतावर त्याला उभं केलं आणि आवाज लावला. "हे यंत्र नाही, तुझ्या घरी आलेला पाहुणा आहे. रोज याची विचारपूस कर. याच्या तोंडावर धूळ दिसता कामा नये. याच्यावर वाकू नकोस, तुझ्या अंगाची ऊब याला कळते."

त्याने छातीवर हात ठेवला. "पाहुण्याचं मला शिकवू नका, उस्ताद."

टाळी मिळाल्यासारखा मी खाली उतरलो. त्या दिवसापासून काम खरंच सुधारलं.

तपासणीच्या दिवशी मुदीरने अट घातली की मी तोंड उघडायचं नाही. मला मुक्याची भूमिका आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. थंडीचे दिवस, कोरडी सकाळ, आभाळात ढगाचा ठिपका नाही. तपासनीस वर आला. त्याला कहवा आणि खजूर झाले, धुपाटणं फिरलं. मग नव्या माणसाने आकडा वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. रोज उणे चाळिसाच्या खाली असणारं आभाळ उणे दहावर होतं.

तपासनीसाने वर बघितलं. "आज पाऊस येणार म्हणायचा?"

मुदीरने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे. नव्या माणसाने वायर हलवून पाहिली, स्क्रीन पुन्हा चालू केला. आकडा तोच. मला मात्र दोन पावलांवरून काच नको तितकी चकाकताना दिसत होती. मी जीभ दातांखाली धरली. मनात माझं सामान बांधून झालं होतं.

तो यंत्राजवळ गेला, पण वाकला नाही. बाजूला बसून त्याने मान पुढे केली आणि हुंगलं. मग सावकाश उठून माझ्याकडे आला.

"उस्ताद, पाहुणा आला की आमच्याकडे त्याच्या हाताला ऊद लावतात."

मी मान हलवली. तेवढ्याची परवानगी होती.

"आज एवढा मोठा दिवस. मी सकाळी याला लावलं. हात नव्हता, म्हणून तोंडाला."

मुदीरने डोळे मिटले. नव्या माणसाने मात्र कपाटातून स्पिरिट आणि मऊ कागद आणले, काच पुसली, सुकू दिली, पुन्हा पुसली. आकडा उतरू लागला. उणे वीस, उणे तीस, आणि शेवटी चाळिसाच्या खाली जाऊन स्थिरावला. मग तो तपासनीसाकडे वळला. "तेलाचा थर हवेइतकाच उबदार असतो. यंत्राला आभाळ दिसतच नव्हतं. माझं अत्तर दिसत होतं."

तपासनीसाने कहव्याचा पेला पुढे केला, आणखी हवा म्हणून. "आकडा कोणीही वाचतो," तो मुदीरला म्हणाला. "चुकलेला आकडा ओळखणारा ठेवून घ्या."

जुबैलच्या बदलीचा कागद आला. मुलीने दहावीची परीक्षा रियाधमध्येच दिली, मी सुट्टीला बसने जात-येत राहिलो. निरोपाला नव्या माणसाने ऊदाची कुपी दिली आणि माझ्या मनगटावर पहिला थेंब स्वतः लावला. बायकोला तो वास फार आवडतो. मी शुक्रवारी लावतो, आणि छतावर चढण्याआधी साबणाने दोनदा हात धुतो. जुबैलचे सहकारी समजतात, हा फार स्वच्छतेचा माणूस आहे.